कमरेचे रिव्हॉल्व्हर आणि भिंतीवरची बंदूक

‘अण्णा, मॅग्नमचं लायसन निघतंय का?’ हा प्रश्न अलीकडे आमच्या कानावर वारंवार येऊ लागला आहे. विचारणारी मुले परकी नाहीत. राजेश्वर, हुमनाबाद, बसवकल्याण, भालकी, आळंद या पट्ट्यात ज्यांच्या आजोबा-पणजोबांची पाटीलकी होती, देशमुखी होती, ज्यांच्या गढीच्या भिंती अजून उभ्या आहेत, अशा घरांतली ती आहेत. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जमीन गेली, हाती पैसा आला. ट्रॅक्टर झाला, गाडी झाली, मुलीचे लग्न झाले. आता कमरेला काहीतरी हवे असे वाटू लागले आहे.

ते ‘काहीतरी’ कसे हवे हेही त्यांच्या डोक्यात पक्के आहे. अमेरिकेत गेलेल्या कुणाच्या आत्याच्या मुलाने मोबाइलवर पाठवलेल्या चित्रफितीत ते पाहिलेले असते. तळहातात मावेल असे आखूड रिव्हॉल्व्हर, पाचच काडतुसांचे चक्र, काडतूस मात्र मॅग्नम जातीचे, आणि नळीच्या टोकाशी वरच्या बाजूला धूर सोडणाऱ्या दोन खाचा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील बहुतेक माणसांना असे हत्यार परवान्याशिवाय जवळ बाळगता येते. पण चित्रफीत पाठवणारा आतेभाऊ एक गोष्ट सांगत नाही. तो नोकरीच्या व्हिसावर होता तोवर, काही अपवाद सोडले तर, त्यालाही तिथे बंदूक विकत घेता येत नव्हती. ग्रीन कार्ड हाती पडल्यावर त्याची हौस फिटली. तिथला कायदाही माणूस पाहून दार उघडतो, हे इथल्या मुलांनी लक्षात घ्यावे.

या वस्तूची आम्हांला चीड नाही. उलट तिची रचना समजून घेण्यासारखी आहे, आणि ती समजली की निम्मी हौस आपोआप उतरते.

पॉइंट तीनशे सत्तावन्न मॅग्नम हे काडतूस १९३५ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. त्याआधीचे ‘थर्टी एट स्पेशल’ काडतूस घेऊन त्याचे कवच साधारण तीन मिलिमीटरने लांब केले आणि आतला दाब जवळपास दुप्पट केला. कवच लांब करण्याचे मुख्य कारण एवढेच की, हे जबर काडतूस जुन्या कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. मूळ मॅग्नम रिव्हॉल्व्हर चांगले मोठे आणि वजनदार होते. ते वजन उगाच नव्हते. गोळी पुढे जाताना जो धक्का मागे येतो तो लोखंडाचे वजन पिऊन टाकते. पुढे खिशात मावावे म्हणून कारखान्यांनी तेच काडतूस पाऊण किलोच्या आतल्या लहान सांगाड्यात बसवले. धक्का तेवढाच राहिला, तो सोसणारे लोखंड कमी झाले. मग तो गेला कुठे? मनगटात.

नळीच्या टोकाच्या खाचा यासाठीच असतात. गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी जळत्या दारूचा वायू त्या खाचांतून वर उसळतो आणि नळीचे तोंड खाली दाबतो, त्यामुळे दुसरी गोळी लवकर नेमावर येते. मैदानावर, दिवसाउजेडी, हात लांब करून, कानाला कानटोप आणि डोळ्याला चष्मा लावून ही युक्ती छान चालते. आता हेच हत्यार आपल्या वाड्याच्या माजघरात रात्री दोन वाजता चालवले तर काय होईल ते पाहा. आखूड नळीत मॅग्नमची सगळी दारू जळत नाही, उरलेली बाहेर येऊन पेटते. खाचांमुळे तो जाळ नेम धरणाऱ्याच्या नजरेसमोरच उभा राहतो आणि अंधाराला सरावलेले डोळे काही क्षण निकामी होतात. झटापटीत हत्यार छातीजवळ धरून चाप ओढला तर तो तापलेला वायू आणि शिशाचे कण स्वतःच्याच तोंडाकडे येतात. आवाजाचे तर विचारू नका. १४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो आणि मॅग्नमचा आवाज त्याच्याही बराच वर जातो. दगडी भिंतींच्या बंद खोलीत तो घुमतो. शेजारच्या खोलीत झोपलेल्या म्हाताऱ्या आईच्या आणि पाळण्यातल्या नातवाच्या कानांचे काय? चोर पळेल, हे खरे. घरातले मात्र तिथेच असतील.

शिवाय हे हत्यार सरावाशिवाय कुणाचेच नसते. जिथे दुकानात काडतुसांचे खोके सहज मिळते आणि गावोगाव नेमबाजीची मैदाने आहेत, तिथेही जाणकार लोक अशा हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये बरेचदा सौम्य थर्टी एट काडतूसच घालतात, कारण मॅग्नमच्या दहा-वीस गोळ्यांत हात हुळहुळतो. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते, एकेकाचा हिशेब द्यावा लागतो. वर्षाकाठी दहा गोळ्याही न झाडलेला माणूस कमरेला मॅग्नम लावून फिरतो, तेव्हा तो शत्रूपेक्षा स्वतःच्या मांडीला अधिक धोकादायक असतो.

आता मिळण्या-न मिळण्याचे बोलू. खासगी माणसासाठी परदेशी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची आयात गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. परदेशातून कायमचे परत येणाऱ्याला नियमांच्या चौकटीत एक हत्यार आणता येते, पण ते विकण्यावर बंधने आहेत. त्यामुळे देशात जी थोडी मॅग्नम रिव्हॉल्व्हर्स आहेत ती हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत ऐकून आपल्याकडची चांगली जमीन आठवते. त्यात कायद्याचे एक कोडेही आहे. थर्टी एट बोअर पोलीस आणि सैन्याच्या बोअरमध्ये मोडतो म्हणून सामान्य माणसाला तो सहसा मिळत नाही, आणि त्याचाच दांडगा भाऊ असलेला तीनशे सत्तावन्न मात्र त्या यादीबाहेर राहिला. गोळीची जाडी दोन्हींची एकच! सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली परदेशी हत्यारे अनेक वर्षे खासदारांना स्वस्तात विकली जात होती, हेही माहितीच्या अधिकारात उघड झाले आहे. सामान्य शेतकऱ्याने डी.सी. ऑफिसात खेटे घालायचे आणि लोकप्रतिनिधींनी जप्तीतला माल निवडून घ्यायचा, या न्यायावर आमच्या वाचकांना भाष्याची गरज नाही.

परवानाधारकाला सरळ मार्गाने जे मिळते ते देशी बनावटीचे पॉइंट बत्तीस. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर काढले, खास महिलांसाठी म्हणून. त्याची तेव्हाची किंमत होती १,२२,३६० रुपये. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर त्या नावाला एक अर्थ होता, पण ज्या स्त्रीला खरी गरज होती तिला ती किंमत परवडणार नव्हती. २०२३ मध्ये त्याच शहरातून ‘प्रबल’ आले. ही हत्यारे मॅग्नमएवढी जबर नाहीत, म्हणूनच ती निदान हातात राहतात.

पण समजा मिळाले. पैसा होता, ओळख होती, परवाना झाला. तो चालणार कुठे? परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. एखाद्याचा जिल्ह्यापुरता, एखाद्याचा राज्यापुरता, संपूर्ण भारताचा क्वचित कुणाचा. आपल्या सीमाभागातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. राजेश्वरहून सोलापूरकडे निघाले की तलमोडचा टोलनाका येतो आणि तिथे कर्नाटक संपलेले असते. दुसऱ्या बाजूला हुमनाबाद ओलांडून जहीराबादेकडे गेले की तेलंगण. आपल्या लेकी उदगीर, निलंगा, उमरग्याला दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन राज्यांत तुकडे झाले तेव्हा आमच्या सोयरिकी कुणी विचारल्या नाहीत. मेव्हण्याच्या लग्नाला कमरेचे रिव्हॉल्व्हर काढायचे विसरून जो गाडीत बसला, तो नाका ओलांडताच परवान्याबाहेरचा माणूस झाला. सीमेचा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो सुटेल तेव्हा सुटेल. आज तरी ती रेघ फौजदारी कलमासारखी खरी आहे.

निवडणुकीचे तेच. आचारसंहिता लागली की परवान्याच्या हत्यारांची छाननी होते आणि ठाण्याकडून जमा करण्याची नोटीस येते. विधानसभेचे मतदान १० मे २०२३ ला झाले, लोकसभेचे आपल्याकडे ७ मे २०२४ ला. ज्या दिवसांत गावात तणाव असतो, हत्याराची हौस सर्वांत अधिक वाटते, त्याच दिवसांत ते हत्यार ठाण्याच्या कपाटात पडून असण्याचा संभव अधिक. आयोगाची भूमिका अशी आहे की, सरसकट सर्वांची नव्हे तर समितीने पाहून ज्यांच्याबाबत गरज वाटते त्यांचीच हत्यारे घ्यावीत. ज्यांची वर्तणूक स्वच्छ आहे त्यांनी लेखी अर्ज करून सूट मागावी, तो त्यांचा हक्क आहे. मात्र पुढाऱ्यामागे रिव्हॉल्व्हर लावून जीपमध्ये बसणाऱ्यांना कोणती समिती सूट देईल?

यावर जुनी माणसे एक उत्तर देतात, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, ‘तुम्हाला रझाकारी आठवत नाही.’ १९४८ च्या मे महिन्यात गोरट्यात जे घडले ते या भागातल्या प्रत्येक जुन्या घराने ऐकलेले आहे. तिथे आता हुतात्मा स्मारक उभे आहे, २६ मार्च २०२३ ला त्याचे उद्घाटन झाले. त्या वर्षी सप्टेंबरात भारतीय फौजा येईपर्यंत निजामी राज्यातल्या खेड्यांना स्वतःच्या रक्षणासाठी काय होते? गढीच्या भिंती, गोफणी, आणि एखादी ठासणीची बंदूक. त्या पिढीच्या मनात घरात हत्यार हवे ही भावना खोल गेली असेल तर तिला दोष कोण देईल?

ही भावना केवळ आपल्याच मुलखाची नव्हती. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा राग देशभर होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होता. घटना तयार होत असताना डिसेंबर १९४८ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पोलीस कारवाई होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, हरि विष्णु कामत यांनी तो हक्क घटनेत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही पोचेल, हा विचार त्यामागे होता. तेव्हापासून शस्त्र हा हक्क नव्हे, परवानगी आहे. १९५९ चा कायदा त्याच पायावर उभा आहे.

त्या कायद्यातला एक भेद आमच्या मुलांनी कधी वाचलेला नाही. वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर, रक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, किंवा खऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर हरकतीचे कारण नसल्यास परवाना द्यावा असे कायदा म्हणतो. रिव्हॉल्व्हरसाठी मात्र अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. कायदा करणाऱ्यांना शेतकऱ्याचे घर माहीत होते. तुरीत आणि उसात रानडुकरे शिरतात त्या रात्री आखूड नळीचे मॅग्नम काय कामाचे? आणि माडीच्या जिन्यावर उभ्या असलेल्या दुनळीला दरोडेखोर आजही तितकेच वचकतात.

इथे आम्ही मूळ मुद्द्याशी येतो. नवे रिव्हॉल्व्हर मागणाऱ्या घरांपैकी कितीतरी घरांत भिंतीवर आजोबांची बंदूक टांगलेली आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल लागते. आजोबा जाऊन सहा वर्षे झाली, दहा वर्षे झाली. परवाना त्यांच्याच नावावर. कुणी विचारले तर ‘घरचीच आहे की’ असे उत्तर. पहाणीवर वारसांची नावे लावायला आपण तलाठ्याच्या मागे लागतो, बँकेतली ठेव महिन्याभरात फिरवून घेतो, आणि बंदुकीच्या बाबतीत मात्र ती देवघरातल्या टाकांसारखी आपोआप वारशाने आली असे समजतो. ती तशी येत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती घरात ठेवणे हे परवान्याविना शस्त्र बाळगणे होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षांची कैद आणि दंड आहे. भाऊबंदकी कुठल्या घरात नाही? बांधावरून भांडण झाले की चुलत्याच्या एका निनावी अर्जावर पोलीस दारात येतील आणि पूजेतली बंदूक पंचनाम्यात जाईल.

वाट सोपी आहे, फक्त वेळेवर चालावी लागते. मृत्यूनंतर अनावश्यक विलंब न लावता बंदूक जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. मग ज्या वारसाला ती हवी त्याने, इतरांची लेखी संमती जोडून, स्वतःच्या नावे परवाना मागावा. २०१६ च्या नियमांनी एक चांगली सोय केली आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तर तो हयातीतच वारस सुचवून ते त्याच्या नावे करू शकतो. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बापाने लेकाला किल्ल्या द्याव्यात तसे हे डोळ्यांदेखत करून टाकावे. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारे ठेवता येत, २०१९ पासून दोनच, आणि वारसाने आलेले त्याच दोहोंत धरले जाते. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे झाली. जुन्या पुस्तिकेवर राष्ट्रीय नोंदीचा ओळख क्रमांक आहे की नाही तेही पाहून घ्यावे, तो नसेल तर पुस्तिका केवळ कागद आहे.

या सर्व अर्जांची माहिती कन्नड किंवा इंग्रजीतच मिळते आणि साठी ओलांडलेल्या आमच्या माणसांची अडचण तिथेच सुरू होते. जिल्हा कचेरीने एक पानाची मराठी माहितीपत्रिका लावावी, ही मागणी मोठी नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची तरतूद घटनेतच आहे.

आणखी एक कडू विषय. वरातीत आणि सत्काराच्या मिरवणुकीत हवेत गोळी झाडण्याची टूम उत्तरेतून इकडे येऊ पाहते आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवले आहे. हवेत गेलेली गोळी खाली येते, हे वेगळे सांगायला हवे काय? पण आम्हांला कैदेपेक्षा दुसऱ्या गोष्टीची धास्ती अधिक आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाकडे आधीच संशयाने पाहिले जाते. फलक मराठीत लावला तरी बातमी होते. अशा ठिकाणी आपल्या एका पोराच्या हौसेची गोळी कुणाला लागली, तर दुसऱ्या दिवशी ती त्या पोराची राहणार नाही, साऱ्या समाजाच्या नावे लिहिली जाईल. मराठी शाळेच्या शिक्षकांसाठी निवेदन घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळाला मग अधिकारी आधी त्या गोळीबद्दल विचारतील.

नेमबाजीची खरीच ओढ असेल तर तिला वाट आहे, आणि ती मराठी मुलांनी दाखवलेली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिकमधून कांस्यपदक घेऊन आला. दोघांच्या हातातली हत्यारे मॅग्नमपुढे खेळणी वाटावीत अशा बारीक बोअरची, पॉइंट बावीसची. हवाई पिस्तुलापासून सुरुवात करणाऱ्या मुलाचा वर्षाचा खर्च जुन्या मॅग्नमच्या किमतीचा एक कोपराही नसतो.

संघटनेने आपल्यापुरते एवढे ठरवावे, असे आम्ही सुचवतो. आपल्या व्यासपीठावर आणि मेळाव्याच्या मांडवात कमरेला हत्यार लावून कुणी येऊ नये, मग तो कितीही मोठा पुढारी असो, परवाना कितीही खरा असो. आणि तालुक्याच्या मासिक बैठकीत एक टेबल वारसा-परवान्यांच्या कागदांसाठी ठेवावे, आपल्यातले निवृत्त महसूल कर्मचारी आणि वकील तिथे बसायला नाही म्हणणार नाहीत. ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांनी मूळ परवाना-पुस्तिका, मृत्यूचा दाखला, वारसांच्या संमतीचा कागद आणि ठाण्याची किंवा विक्रेत्याची जमा-पावती घेऊन यावे. पावती अजून केलेली नसेल तर नुसते कागद घेऊन यावे. बंदूक सोबत आणू नये.